जायफळाचा अपराध

मंगळवार पेठेतल्या एका नव्या कॅफेच्या फळ्यावर खडूने लिहिले होते : 'इथिओपिया, यिर्गाचेफ. जाई, लिंबाची साल, मध.' काउंटरवरच्या मुलाला विचारले, "जायफळ घालून मिळेल का?" तो हसला. उद्धटपणे नाही, समजूत घातल्यासारखा. "नाही काका, जायफळानं कॉफी मरती."

त्याचा दोष नाही. कॉफीबद्दल अलीकडे मराठीत जे लिहिले जाते त्याचाच सूर त्याने उचलला होता. या लिखाणाच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणते, मराठी माणसाला कॉफी कधी कळलीच नाही. दक्षिणेला फिल्टर होता, आपल्याकडे दुधात पूड उकळायची रीत. दुसरी तऱ्हा आजीच्या हातच्या जायफळाच्या कॉफीचे उमाळे काढते. पहिलीत तुच्छता आहे, दुसरीत लाड. पण कपात नेमके काय आहे, ते तसे का आहे आणि तो कप कोणाच्या हातात जात होता, हे दोघीही सांगत नाहीत. कौतुकाच्या लेखांत तर आजी असते, पितळी पातेले असते, दिवेलागण असते, चव नसते.

आधी त्या मुलाचे म्हणणे घेऊ. नव्या कॉफीविद्येचा आधारग्रंथ म्हणावा असे एक रंगीत चक्र आहे. अमेरिकेतल्या कॉफीतज्ज्ञांच्या संस्थेने ते 1995 साली काढले आणि 2016 साली नव्याने बांधले. कॉफीत कोणकोणते स्वाद सापडू शकतात, त्याचा तो नकाशा. फळे, फुले, सुकामेवा, भाजल्याचे वास असे करत करत आपण मसाल्यांच्या पाकळीपाशी येतो. तिथे बडीशेपेच्या जातीचा वास, दालचिनी आणि लवंग यांच्याबरोबर चक्क जायफळ बसलेले आहे! म्हणजे बीमध्ये जायफळाचा भास झाला तर ते वाखाणण्याजोगे, गिऱ्हाईक त्याचे जास्त पैसे मोजते. तेच जायफळ सहाणेवर उगाळून घातले की कॉफी मरते. भासाला मान आणि वस्तूला मज्जाव, असा हा न्याय आहे.

त्याचे समर्थन असे केले जाते की, बीचा मूळ गुण झाकू नये. म्हणणे रास्त आहे, पण ते जगभराच्या परंपरेच्या नावावर खपवू नये. ज्या इथिओपियाचे नाव फळ्यावर आहे, तिथे घरी पाहुणा आला की हिरवे दाणे त्याच्या समोर भाजतात, कुटतात, मातीच्या सुरईत उकळतात आणि तीन फेऱ्यांत वाढतात : अबोल, तोना, बरका. काही भागांत त्या कपात एका झुडपाची डहाळी बुडवतात. ते झुडूप म्हणजे आपला सताप किंवा त्याचा सख्खा भाऊ. तोच सताप, जो लहान मुलांच्या सर्दीखोकल्यासाठी आपल्याकडे कुंडीत लावतात. आखाती अरबांचा कहवा फिकट भाजलेला, दुधासाखरेविना, पण वेलदोड्याशिवाय अपुरा. तो लहानशा वाटीत तळाशी थोडाच ओततात आणि बरोबर खजूर देतात. 2015 साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तुर्की कॉफीला त्याच्या दोन वर्षे आधी. मेक्सिकोत मातीच्या मडक्यात दालचिनी आणि तिथला गूळ घालून कॉफी उकळतात. इतक्या लांब जायलाही नको. कोडगूत, कॉफीच्या प्रत्यक्ष मळ्यांच्या गावांत, गुळाची कोरी कॉफी घरोघर होते. तिला 'बेल्ल कापी' म्हणतात. नुसत्या बीची, काहीही न घातलेली कॉफी हीदेखील एक रीत आहे. पण ती जगाची मूळ रीत आणि बाकीच्या भेसळी, असे मानायला आधार नाही.

आपल्या जायफळाची संगत तर मळ्यापासूनची आहे. भारतातली कॉफी बहुतांशी सावलीत वाढते. सुमारे सत्तर टक्के पीक एकट्या कर्नाटकात निघते, आणि तिथल्या मळ्यांत वरच्या झाडांवर मिरीचे वेल चढलेले असतात, खाली वेलदोडा असतो. जायफळ मूळचे बांदा बेटांचे, पण आता पश्चिम घाटाच्या बागांत रुळले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नारळीच्या सावलीत घ्यायला 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' असे जायफळाचे वाण काढले. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या, ही चिकमंगळूरची दंतकथा सर्वांना माहीत असते. त्याच डोंगरावर दत्तपीठ आहे, त्यामुळे नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या कोल्हापूरकराला तो डोंगर परका नाही. कॉफी आपल्याला सातासमुद्रापलीकडची वाटते, ती असते एका रात्रीच्या प्रवासावर.

आता प्रत्यक्ष कप. कोल्हापूरचे दूध म्हशीचे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांचे हे गाव, खासबागेत कुस्ती बघून दुधाची ताकद मोजणारे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, आणि जायफळाचा सुगंध ज्या तेलात असतो ते पाण्यापेक्षा स्निग्धांशात चांगले उतरते. जायफळ पाण्यात उकळले तर वास वर उडतो आणि खाली तुरटपणा राहतो. दुधात शेवटी घातले, आच बंद केली, झाकण ठेवले, की वास दुधात मुरतो. ज्या बाईने हे प्रथम केले तिला हे रसायन ठाऊक नसेल, पण झाकण ठेवायचे ठाऊक होते. शिवाय घरात येणारी पूड बहुधा चिकोरी मिसळलेली असे. पोलसन हे नाव लोण्यामुळे लक्षात राहिले, पण पेस्तनजी एदलजी दलालांचा मुंबईतला धंदा सुरू झाला तो कॉफीपासून, आणि त्यांची 'फ्रेंच' कॉफी चिकोरीची होती. आजही कायद्याने अशा मिश्रणात निम्म्याहून किंचित अधिक, 51 टक्के, कॉफी असली की पुरते. चिकोरीने रंग आणि कडसर दाटपणा येतो, सुगंध येत नाही. ती रिकामी जागा जायफळ भरते. म्हणून ही नुसती हौस नव्हती. मिळेल त्या पुडीला दिलेले ते उत्तर होते.

यावरून त्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे ठरते, हे कबूल केले पाहिजे. जाई आणि लिंबाच्या सालीची यिर्गाचेफ जायफळाने खरोखरच मरेल. तिचा गुण नाजूक आणि आंबूस, दूधही तिला सोसत नाही. (आणि 'ॲसिडिटी'ला 'आम्लता' म्हटले की आपल्या वाचकाला थेट आम्लपित्तच आठवते, 'आंबूसपणा' हा शब्द असताना मेनू लिहिणारे तो का टाळतात, कोण जाणे.) जायफळाला हवी रोबस्टा, खरपूस भाजलेली, थोडी उग्र. आजीच्या कॉफीचेही सगळेच गोड मानू नये. पुष्कळ घरांत ती अतिगोड असे. जायफळ इतके की कॉफीचा पत्ता लागत नसे. ते कॉफीच्या रंगाचे मसाला दूध होते. परंपरा आहे म्हणून प्रत्येक कप चांगला ठरत नाही.

या कपात एक गंमत आहे, तिच्याकडे कौतुकवाल्यांचेही लक्ष गेलेले नाही. कॉफी जागवते, जायफळाने झोप येते, असा आपल्याकडे समज. बाळगुटीत जायफळाचा वळसा असतो तो याचसाठी. जागवणारे आणि निजवणारे एकाच कपात घालून तो कप रात्री द्यायचा, असे हे पेय आहे. जेवणानंतर, गाण्याच्या बैठकीच्या मध्यंतरात, पाहुण्यांच्या गप्पा लांबल्या की. तमिळ घरातली फिल्टर कॉफी पहाटेची, दिवस सुरू करणारी. आपली कॉफी दिवस मिटताना येते. तिला सकाळच्या मापाने मोजले की ती मवाळ वाटणारच.

पण रात्रीची बैठक कोणाच्या घरी होती? इथे कौतुकाच्या लेखांचा आवाज एकदम खाली येतो. तमिळ समाजातल्या कॉफीवर ए. आर. वेंकटाचलपती यांनी महत्त्वाचा निबंध लिहिला आहे. तिथे कॉफी हे ब्राह्मणी मध्यमवर्गाचे आणि चहा हे कष्टकऱ्यांचे पेय कसे ठरत गेले, हे त्यांनी दाखवले. मराठीत असे काम जवळजवळ झालेलेच नाही, आणि चित्र पुष्कळसे तसेच आहे. कॉफी पांढरपेशा घराच्या माजघरात राहिली. तालमीच्या गल्लीत दूध आणि थंडाई, नाक्यावर चहा. चहाला चिमूटभर भुकटी आणि दुधाचा हात लावला तरी भागते. कॉफीला कपभर दूध लागते. भारतातले पहिले इंडिया कॉफी हाऊस 1936 साली मुंबईत चर्चगेटला निघाले, तरी त्याने कॉफी मराठी गल्लीत आणली नाही. ती आणायला दुकान लागते, आणि दुकानात कोणाच्याही हातचे कोणीही पिऊ शकले पाहिजे.

तो पराक्रम कोल्हापुरात चहाने केला. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिले, आणि आपली गाडी तिथे थांबवून ते स्वतः चहा प्यायले, बरोबरच्यांनाही प्यायला लावला. त्या बशीतून जे ओतले गेले त्याची कथा कोल्हापुरात घरोघर सांगतात. कॉफीच्या नावावर अशी एकही कथा नाही. असण्याची सोयच नव्हती. ती उंबऱ्याच्या आत होती, आणि आत कोणी यायचे ते घर ठरवत होते. 'आजीची कॉफी' असे आपण लिहितो तेव्हा 'आमच्या आजीची' असे लिहिणे अधिक खरे.

नव्या कॅफेचा खरा गुण मला इथे दिसतो. दीड-दोनशे रुपयांची अडचण मोठी आहे, पण तिथे कप कोणाचा हे कोणी विचारत नाही. पेठेतल्या तालमीत जाणारी पोरे आणि शिकवणीहून सुटलेल्या पोरी एकाच बाकावर बसून कॉफी पितात. हे माजघराने कधी केले नव्हते. म्हणूनच जायफळ तिथून हद्दपार व्हावे याचे वाईट वाटते. दार उघडले, आणि घरातली वस्तू तेवढी बाहेरच राहिली.

दोषाचा गुण कसा होतो, याचे उदाहरण कॉफीच्याच धंद्यात आहे. शिडाच्या जहाजांतून महिनोन् महिने युरोपला जाताना मलबारची बी दमट हवेने फुगून पिवळट होई, तिचा आंबूसपणा जाई. वाफेच्या जहाजांनी प्रवास लहान झाला, बी हिरवी पोचू लागली, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला जुनीच चव हवीशी वाटली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबर पावसाळी वारे खेळवून ती बी मुद्दाम तशी करतात. 'मॉन्सून्ड मलबार'ला आज भौगोलिक मानांकन आहे आणि तिचे नाव फळ्यावर अभिमानाने लिहितात. त्या मुलाच्या काउंटरमागेही तिची एक पिशवी होती. दुधाला आणि जायफळाला तीच बी चालेल असे मी त्याला म्हटले. आंबूसपणा कमी, अंगाने जड, मातकट. त्याने पिशवी हातात घेतली, वास घेतला आणि विचारले, "जायफळ किती घालायचं?" आमच्या घरी दोन कपांना सहाणेवर तीन वळसे. शेजारच्या घरी पाच.