पाहुण्यांची मराठी

परदेशातून सेवेसाठी आलेल्या माणसाचा सत्कार करण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. बाई पातळ नेसतात, भाकरी आवडीने खातात आणि मराठी तर अगदी आपल्यासारखी बोलतात, एवढे सांगून वक्ता खाली बसतो. ह्या कौतुकात प्रेम नसते असे कोण म्हणेल? परंतु त्या बाईंनी काही ग्रंथ लिहिले असल्यास ते वाचून त्यांविषयी मत देण्याची जबाबदारी त्यामुळे परस्पर टळते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून सत्काराचा नारळ क्षणभर बाजूस ठेवून दोन विदुषींच्या लेखनाकडे येथे पाहावयाचे योजिले आहे. एक सातारा जिल्ह्यातील फलटणच्या मॅक्सीन बर्नसन, दुसऱ्या सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या गेल ऑम्व्हेट.

दोघीही अमेरिकेतून प्रथम आल्या त्या इंग्रजी शिकविण्याच्या निमित्ताने. बर्नसनबाई १९६१ साली हैदराबादेस, ऑम्व्हेटबाई १९६३-६४ मध्ये. वर्ष-दोन वर्षांसाठी येणारी अशी तरुण मंडळी त्या काळी थोडीथोडकी नव्हती. ती परत जात, काही दिवस पत्रे येत, पुढे नाताळचे एक कार्ड, आणि मग तेही थांबे. ह्या दोघी मात्र पुन्हा आल्या, राहिल्या, ह्या देशाच्या नागरिक झाल्या. असे का व्हावे ह्याचा विचार करताना मला त्यांच्या चरित्रापेक्षा ग्रंथांतच उत्तर सापडते. दोघींना येथे नुसता पाहुणचार मिळाला नाही. ज्यांच्या बरोबरीने काम करावे आणि प्रसंगी ज्यांच्याशी वादही घालावा, अशी माणसे मिळाली.

बर्नसनबाईंनी जाई निंबकर ह्यांच्यासह १९७५ साली मराठीचे एक संदर्भ-व्याकरण इंग्रजीत सिद्ध केले. जाईबाई ह्या इरावती कर्वे ह्यांच्या कन्या आणि स्वतः इंग्रजीतील कादंबरीकार. व्याकरणाचे पुस्तक हे स्नेहाचे स्मारक मानण्याचा प्रघात नाही. पण मी ते तसे मानतो. ‘मला दोन मुले आहेत’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘त्याला ताप आहे’ ह्या तीन वाक्यांत इंग्रज माणसाला एकच क्रियापद पुरते. मग मुलांना ‘मला’ आणि पैशांना ‘माझ्याकडे’ का, हा प्रश्न मराठी माणसाला जन्मात पडत नाही. तो परक्याने विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर घरच्या माणसाने अडखळत शोधावे लागते. असे शेकडो प्रश्न दोघींमध्ये फिरल्यावाचून असला ग्रंथ होत नाही. आपल्याला आपली भाषा येते. ती कशी चालते हे आपण जाणतोच असे नाही.

ह्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि तो फारसा गौरवाचा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी वाळव्याकडील एक मुलगा वर्गात ‘पानी’, ‘लोनी’ असे बोलला. मी त्याला तिघांदेखत ‘ण’ म्हणावयास लावले. मुले हसली, आणि तो त्यानंतर वर्षभर वर्गात बोलला नाही. पुढे केव्हातरी फलटणच्या बोलीवरील बर्नसनबाईंचा १९७३ चा प्रबंध हाती आला. एकाच गावात जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे बोलणे कसे बदलते ह्याचे ते परीक्षण आहे. ज्याला मी चूक म्हटले होते त्याला रीत आहे, नियम आहे, हे मला माझ्या मुलखाविषयी एका अमेरिकन बाईंच्या इंग्रजीतून शिकावे लागले. त्याच बाईंनी फलटणास प्रगत शिक्षण संस्था काढली, आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. प्रबंधातला सिद्धान्त पुढे मुलांच्या पाटीवर आला, असे प्रबंधलेखकांच्या बाबतीत क्वचितच म्हणता येते.

एलिनॉर झेलियट ह्यांच्यासह त्यांनी संपादिलेला महाराष्ट्रातील धर्मानुभवावरील लेखसंग्रह १९८८ सालचा. त्यात इरावतीबाईंचे ललितलेख आहेत, गाडगेमहाराजांचे शेवटचे कीर्तन आहे, सोन्थायमर ह्यांचा धनगरांवरील लेख आहे. निवड उत्तम. पण गाडगेमहाराजांचे बोलणे इंग्रजीत आले की सभ्य होते. त्यांच्या वऱ्हाडीतील खराटा तेथे दिसत नाही. ज्या बाईंनी बोलीचा एवढा कैवार घेतला त्यांच्याही ग्रंथात हे घडावे, ह्यावरून भाषांतराची मर्यादा कळते.

ऑम्व्हेटबाईंची प्रकृती निराळी. ब्राह्मणेतर चळवळीवरील त्यांचा १९७६ चा ग्रंथ सातारा जिल्ह्याला इतिहासात मध्यवर्ती जागा देतो. त्याआधी आमच्या पिढीच्या पांढरपेशा घरांत सत्यशोधकांचा उल्लेख झाला तर तो चेष्टेने किंवा रागाने. तेव्हा ह्या ग्रंथाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दोषही सांगितला पाहिजे. त्यांच्या लेखनात चौकट आधी येते आणि माणूस मागाहून. वर्ग आणि जात ह्यांची मांडणी चाललेली असताना जलशातला सोंगाड्या नुसता पुरावा म्हणून उभा राहतो, हसवीत नाही. १९८० च्या स्त्रियांवरील पुस्तकात मात्र ही चौकट ठिकठिकाणी तडकते, कारण तेथे शेतमजूर बायाच बोलू लागतात. ह्या फरकाचे श्रेय मी कासेगावच्या घराला देतो. १९७६ साली भारत पाटणकरांशी विवाह करून बाई ज्या घरात आल्या, तेथील सासूबाई इंदुताई ह्या प्रतिसरकारच्या लढ्यात स्वतः उतरलेल्या. अशा सुनेला इतिहास पुस्तकातून शोधावा लागत नाही. तो चुलीपाशी बसून उलट प्रश्न करतो.

पतीसह केलेले तुकोबांचे भाषांतर २०१२ सालचे. अर्थ पोचतो, टाळ वाजत नाही. पण हे गाऱ्हाणे तुकोबांच्या प्रत्येक भाषांतरकाराविषयी करता येईल. बाई २०२१ च्या ऑगस्टात कासेगावीच वारल्या.

ह्या सगळ्या व्यवहारात एक गोष्ट मला बोचते. त्यांच्या ब्राह्मणेतर चळवळीवरील ग्रंथाचे मराठी भाषांतर झाले, म्हणजे आपलीच हकीकत सातासमुद्रापलीकडून फिरून आपल्याकडे आली. उलट दिशेने काय गेले? मिनिआपोलिसच्या एखाद्या गल्लीतील बोलीवर प्रबंध लिहावा, असे आमच्या किती इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या मनात आले असेल? आमची मुले तिकडे राहतात, घरे घेतात. शेजाऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकून त्यावर ग्रंथ लिहिणारा त्यांच्यात माझ्या तरी पाहण्यात नाही. मीही तीस वर्षे इंग्रजी शिकविले ते पुस्तकातलेच.

तो वाळव्याचा मुलगा गेल्या वर्षी कराडच्या बसस्थानकावर भेटला. आता तो शिक्षक आहे. माझ्याशी बोलताना त्याचा एकही ‘ण’ चुकला नाही, आणि मला ते ऐकवेना. एवढ्यात त्याला घरून फोन आला. तो थोडा बाजूस वळला आणि आईशी मोकळेपणी, मोठ्याने बोलू लागला. माझी गाडी लागली होती, तरी मी ती सोडली.