वीस नोंदींपुरतं अ‍ॅप

दुरुस्तीची एक ओळसुद्धा चवीने वाचण्यासारखी असू शकते. फलटण तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राच्या अ‍ॅपमध्ये मला अशी ओळ भेटली. अ‍ॅप कोड न लिहिता, अ‍ॅपशीटवर जुळवलेलं. मागे गूगल शीट आणि पुढे दूध घालणाऱ्याचा फोन. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि दहा दिवसांचा पगार, एवढंच दाखवायचं. पण किटली रिकामी करून माणूस घरी पोचला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. “रेंज नाय आपल्याकडं,” असं म्हणून सगळे गप्प बसत.

रेंजचा दोष नव्हता. समजा, 300 उत्पादक आहेत आणि दूध सकाळ-संध्याकाळ येतं. वर्षाला 2,19,000 नोंदी होतात. दहा दिवसांच्या पगारासाठी एकाला त्यातल्या लागतात फक्त 20. आधीच्या रचनेत ‘स्लाइस’ वापरला होता. स्लाइस सगळा माल फोनवर उतरवून घेतो आणि मग नको तो झाकतो. दिसायला पडदा नेटका. आत शेजाऱ्याचा पगारही येऊन बसलेला!

नव्या ओळीत ‘सिक्युरिटी फिल्टर’ आहे. त्यात दोनच अटी: नोंदीवरचा ईमेल उघडणाऱ्याचाच हवा, आणि तारीख गेल्या दहा दिवसांतली हवी. ही चाळणी सर्व्हरवरच लागते. बाकीच्या नोंदी फोनकडे निघतच नाहीत. गंमत अशी की, नाव सुरक्षेचं, काम वेगाचं, आणि दोन्ही एकाच ओळीत साधलेलं. दुधाच्या कार्डाची रीत तरी वेगळी काय आहे? खिशातल्या कार्डावर फक्त आपलं दूध. मोठं रजिस्टर केंद्रावरच.

खरी नजाकत मात्र पुढे आहे. ‘एकूण लिटर’ हा व्हर्च्युअल कॉलम होता, म्हणजे शीटमध्ये न साठवता दर सिंकला नव्याने मोजला जाणारा. प्रत्येक उत्पादकासाठी सगळ्या नोंदी चाळायच्या म्हटलं तर 300 गुणिले 2,19,000, म्हणजे साडेसहा कोटींवर तुलना. अ‍ॅपशीटचं परफॉर्मन्स प्रोफाइल उघडलं की कोणता तक्ता वाचायला आणि कोणता कॉलम मोजायला किती वेळ गेला ते दिसतं. दुरुस्ती करणाऱ्याने ते पान नीट वाचलं आणि उत्पादकांच्या तक्त्यालाही तीच ईमेलची अट लावली. मोजणी एका माणसावर आणि वीस नोंदींवर आली. सूत्राला हातही लावावा लागला नाही. मला विचाराल तर, सूत्र न बदलण्याचा हा संयमच जास्त देखणा आहे; नवशिक्याने तिथे आणखी चार सूत्रं कोंबली असती.



एक उणीव आहे, आणि ती ओळीची नव्हे, मागच्या शीटची. गूगल शीटला ‘एवढ्याच ओळी दे’ असं सांगता येत नाही. फोनवर वीसच नोंदी उतरल्या तरी अ‍ॅपशीटचा सर्व्हर अख्खं शीट वाचतो, मगच चाळतो. माल मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये असता तर साधी अट थेट तिथपर्यंत पोचली असती. तूर्त केंद्राने मागच्या वर्षाच्या नोंदी वेगळ्या शीटमध्ये हलवल्या आहेत. नोंदी पुन्हा साचल्या की हा प्रश्न परत येणारच. तेव्हा डेटाबेसच्या खर्चाची बोलणी संचालकांशी करावी लागतील.