नेसत्या वस्त्रानिशी : पोटगीच्या अर्जाचे एक वाचन

पोटगीच्या अर्जाला कोणी वाङ्मय म्हणत नाही, आणि तसे म्हणावे असा माझाही आग्रह नाही. परंतु कराड, दहिवडी, विटा, तासगाव इथल्या न्यायालयांत दाखल होणारा तीन-चार पानांचा हा मजकूर म्हणजे अनेक बायकांची कागदावर उतरलेली एकमेव जीवनकथा असते. वकील मित्रांनी नावे-गावे झाकून दिलेले असे अर्ज मी गेली काही वर्षे वाचत आलो आहे. आधी कायदा कळावा म्हणून, नंतर भाषेसाठी.

कथानक ठरलेले असते. अर्जदार ही जाबदाराची कायदेशीर विवाहित पत्नी. सुरुवातीचे काही दिवस त्याने तिला बरे नांदवले. पुढे माहेरून पैसे आणावेत म्हणून किंवा मूल होत नाही म्हणून जाच सुरू झाला. एके दिवशी मारहाण करून तिला नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढले. तेव्हापासून ती माहेरी आश्रयास आहे. तिला उत्पन्नाचे साधन नाही. जाबदाराला मात्र बागायत शेती आहे, दूधदुभते आहे. मग रकमेची मागणी.

'नेसत्या वस्त्रानिशी' हे शब्द वाचून मी दर वेळी थांबतो. बाहेर पडताना तिच्या अंगावर काय होते ते हे शब्द सांगतात. मागे काय राहिले ते सांगत नाहीत. पंधरा वर्षे उसाची लागण आणि भांगलण तिने केली, द्राक्षाच्या बागेत ती राबली, म्हशीची धार काढली, सासऱ्याचे आजारपण काढले. यातले अर्जात काही येत नाही. येते ते फक्त 'कर्तव्य बजावले' एवढ्या दोन शब्दांत.

ही वकिलांची आळशी लेखणी नव्हे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १९७३ चे कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या पत्नीला पोटगी देते. घटस्फोटितेलाही, पुनर्विवाह होईपर्यंत. म्हणजे हक्क मागायचा तर आधी आपण असमर्थ आहोत असे लिहून द्यावे लागते. जी बाई उभ्या आयुष्यात एक दिवस बसून राहिलेली नाही, तिच्या तोंडी हे वाक्य घालायचे! चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, बाई थोडेफार कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. तिने आधी देशोधडीला लागलेच पाहिजे असे नाही. निकाल आला, अर्जाचे गद्य मात्र बदलले नाही. 'पोटगी' या शब्दातच पोट आहे, आणि कायद्याने त्या पोटाचे मापही बरीच वर्षे ठरवून ठेवले होते. १९७३ च्या संहितेत महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. केंद्रीय कायद्यातून ती २००१ साली निघाली.

जाबदाराचे म्हणणे हा याच फाइलीतला दुसरा मजकूर. त्याचे ध्रुवपद एकच: 'मी तिला नांदवायला तयार आहे.' हे वाक्यही कायद्याकडे पाहूनच लिहिलेले असते. नवऱ्याने सोबत ठेवून पोसण्याची तयारी दाखवली आणि तिने नकार दिला, तर नकाराची कारणे न्यायालयाला तपासावी लागतात. नवऱ्याने दुसरे लग्न केले असेल तर ते कारण पुरेसे, असेही तिथेच लिहिले आहे. 'नांदणे' हा मराठीतला केवढा सुंदर शब्द. या कागदावर त्याचे प्रयोजक रूप होते आणि कर्ता नवरा होतो.

'माहेरी आश्रयास' ही तिसरी ठरीव जागा. ती वाचताना मला फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आठवते. सासरचा जाच सोसेना म्हणून रातोरात पळून आलेल्या पोरींना बाप-भावांनी मारत परत पोचवल्याचे त्यात आहे. तिथे माहेर हा आसरा नाही, सासरचीच पुढची चौकी आहे. अर्जाला हे परवडत नाही, कारण भाऊच तिच्या बाजूने साक्ष द्यायला येणार असतो. आत्मकथन जिथे खरे बोलते तिथे अर्ज गप्प राहतो. उलट अर्ज आकडा सांगतो आणि आमचे साहित्य तिथे गप्प राहते. सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल 'शारदा'त लग्न ठरवतानाचा पैसा रंगमंचावर आणतात, तेही १८९९ मध्ये. लग्न मोडतानाच्या पैशावर उभे राहिलेले तेवढ्या तोलाचे मराठी नाटक मला आठवत नाही. टाकलेल्या बाईचे दुःख आम्ही भरपूर लिहिले. तिचे येणे किती, हे विचारणे बहुधा अरसिकपणाचे वाटले.

ते विचारले चळवळीने. सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला, त्याआधीच या मुलखातल्या प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांसमोर सावकारी-जमिनीबरोबर घरगुती तंटेही येत. त्याच लढ्यातून आलेल्या इंदुताई पाटणकर यांनी वाळवा तालुक्यातल्या कासेगावातून, गेल ऑम्व्हेट आणि इतरांसह, स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. मागणी होती वेगळे रेशनकार्ड, घराला जागा, जमीन. या मागण्यांची भाषा अर्जाच्या नेमकी उलट आहे. इथे बाई असमर्थ नाही. ती वेगळे कुटुंब आहे आणि कुटुंबाला लागते ते मागते आहे.

काडीमोडीच्या स्टॅम्पपेपरवर तर ती काही मागतच नाही. 'पोटगीचा हक्क राजीखुशीने सोडला आहे' ही ओळ तिथे हमखास सापडते, खाली अंगठा. असा हक्क सोडून देणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. गावच्या बैठकीत मात्र ती ओळ अजून शेवटचा शब्द मानली जाते. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, ही गोष्टही त्या बैठकीत कोणी सांगत नाही.

रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे: जमीन किती, पीक कोणते, जनावरे किती. वाङ्मय म्हणून हा नमुना रुक्षच आहे. पण 'जमीन कोरडवाहू आहे' असे मोघम लिहून सुटण्याची सोय त्याने कमी केली. विटा-आटपाडी-खटावकडचा गलाई कामगार दूरच्या राज्यात सोने गाळत असतो, त्याची कमाई कुठल्या रकान्यात पकडायची, हा पेच शिल्लक आहेच.

या फाइलीतला मला आवडणारा मजकूर सर्वांत शेवटी येतो. आदेश होऊनही पैसे न आल्यावर केलेला वसुलीचा अर्ज जेमतेम एक पान असतो. त्यात जाच नाही, नेसती वस्त्रे नाहीत, आश्रय नाही. माहे अमुकपासून माहे तमुकपर्यंत इतके महिने, दरमहा इतके, एकूण येणे इतके. न दिल्यास वॉरंट काढावे. इथे ती प्रथमच धनको म्हणून बोलते. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत हा अर्ज द्यावा लागतो. त्यामुळे काही फायलींत तो सात-आठ वेळा सापडतो, दर वर्षी नव्या तारखेचा. पहिल्यावर अंगठा असतो, आणि एका फाइलीत पाचव्यापासून सही.