दर्शन कोणासाठी? : ‘ब्लॅक एल्क स्पीक्स’ आणि शामनविधींची नवी आवड

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील एक सुशिक्षित तरुण दोन इंग्रजी पुस्तके घेऊन आमच्याकडे आला. एक होते मायकेल हार्नर यांचे ‘द वे ऑफ द शामन’ आणि दुसरे जॉन नाइहार्ट यांचे ‘ब्लॅक एल्क स्पीक्स’. ‘फादर, ही पुस्तके वाचली तर पाप लागेल का?’ असे त्याने हसत विचारले. परंतु त्या हसण्यामागचा प्रश्न वेगळा होता. ढोलाच्या ठेक्यावर डोळे मिटून पडल्यावर जी शांतता लाभते ती रविवारच्या मिस्सेत आपणांस का लाभत नाही, हे त्याला विचारायचे होते. त्याला चटकन उत्तर देणे आम्हांस जमले नाही. पुस्तके आम्ही ठेवून घेतली आणि सावकाश वाचली. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित होय.

प्रथम शब्दाविषयी. ‘शामन’ हा शब्द सायबेरियातील एवेंकी लोकांच्या भाषेतून जगात पसरला. आजाऱ्याचा हरवलेला आत्मा परत आणणे, शिकार का मिळत नाही हे जाणून घेणे, मृताला त्याच्या वाटेला लावणे, अशा कामांसाठी ढोलाच्या नादात तंद्री लावून आत्म्यांच्या लोकात जाणारा तो टोळीचा माणूस. रुमानियन धर्मेतिहासकार मिर्चा एलियाद यांनी 1951 साली फ्रेंच भाषेत या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे हा शब्द जगभरच्या आदिम समाजांतील अशा पुरुषांना व स्त्रियांना सरसकट लावला जाऊ लागला. उत्तर अमेरिकेतील लाकोटा लोक मात्र आपल्या साधुपुरुषाला ‘विचाशा वाकान’, म्हणजे पवित्र पुरुष, असे म्हणतात. ‘शामन’ हे त्याला बाहेरच्यांनी दिलेले नाव आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हार्नर हे मानववंशशास्त्रज्ञ होते. एक्वादोरमधील शुआर आणि पेरूमधील कोनिबो या लोकांत राहून त्यांनी अभ्यास केला. 1980 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक शामनविधींची ओळख सामान्य पाश्चात्त्य वाचकास करून देण्यासाठी लिहिले आहे. निरनिराळ्या समाजांतील विधींत जे समान आढळते तेवढे त्यांनी घेतले. देवदेवता, पुराणकथा, भाषा, ऋतू, कुळाचार हे सारे बाजूस ठेवले. उरलेल्याला त्यांनी शामनविद्येचा गाभा मानले. कृती सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत उताणे पडावे. कोणीतरी एका लयीत जलद ढोल वाजवावा. साधकाने जमिनीतील एखादे विवर, झरा किंवा झाडाची ढोली मनात आणावी, तिच्यातून खाली उतरावे, आपला रक्षक प्राणी शोधावा आणि ढोलाची खूण होताच परत यावे.

या पुस्तकाचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. लेखन स्वच्छ आहे. तंद्रीसाठी अमली वनस्पतींची गरज नाही, ढोल पुरेसा आहे, हे लेखक स्पष्ट सांगतात. ज्यांना एकेकाळी वेडे किंवा भोंदू म्हणून हिणवले गेले त्यांच्याकडे ज्ञान आहे, हे त्यांनी आदराने मांडले आहे. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी हा प्रवास करावा असेही ते शिकवतात. तरीही वाचताना एक उणीव आम्हांस सतत जाणवत राहिली. येथे ‘दुसरा’ म्हणजे शिबिरात शेजारी पहुडलेला अनोळखी माणूस. त्याच्याशी साधकाचे ना गोत, ना शेत, ना सुतक. शिबिर संपले की दोघे आपापल्या गावी जातात.

ही उणीव किती मोठी आहे ते दुसऱ्या पुस्तकाने दाखवून दिले. ब्लॅक एल्क, लाकोटा भाषेत हेहाका सापा, यांचा जन्म 1863 च्या सुमाराचा. 1876 सालच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत ते पोरवयात हजर होते. बफेलो बिलच्या खेळाबरोबर ते 1887 साली इंग्लंडला गेले. 29 डिसेंबर 1890 रोजी वूंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने स्त्रिया-मुलांसह दोनशेहून अधिक लाकोटांना मारले, तो दिवस त्यांनी पाहिला. नेब्रास्काचे कवी नाइहार्ट 1931 च्या मे महिन्यात दक्षिण डाकोटातील पाइन रिज येथे त्यांच्या घरी राहिले. ब्लॅक एल्क लाकोटा भाषेत बोलत, त्यांचा मुलगा बेन इंग्रजीत सांगे आणि नाइहार्ट यांची कन्या ते लघुलिपीत टिपून घेई. त्या टिपणांतून 1932 साली हे पुस्तक निघाले.

पुस्तकाचा प्राण आहे ते नवव्या वर्षी घडलेले दर्शन. मुलगा बारा दिवस निपचित पडून आहे. ढगांतून त्याला बोलावणे येते. चार दिशांचे चार रंगांचे घोडे आणि सहा आजोबा भेटतात. त्याच्या लोकांचे वर्तुळ आणि मध्यभागी बहरणारे झाड त्याला दाखविले जाते. हे वर्णन वाचताना यहेज्केल संदेष्ट्याची आठवण कोणाही ख्रिस्ती वाचकास होईल. परंतु आमच्या मते त्याहूनही मोलाचा भाग पुढे आहे. हे दर्शन मुलगा कोणालाच सांगत नाही. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला भीती ग्रासते; मेघगर्जना झाली की आपल्यालाच हाक मारली जात आहे असे त्याला वाटते. अखेर ब्लॅक रोड नावाचा वृद्ध त्याचे ऐकून घेतो आणि सांगतो की, जे दिसले ते लोकांपुढे करून दाखविले पाहिजे. 1881 साली सारी वस्ती कामाला लागते. चार रंगांचे घोडे, त्यांवरचे स्वार, चार कुमारिका, सहा वृद्ध, गाणी, सारे दर्शनाप्रमाणे उभे केले जाते. त्यानंतरच भीती जाते, आणि आजारी माणसांना बरे वाटल्याचे लोक सांगू लागतात.

दर्शन पाहणाऱ्याच्या ठायी ते निव्वळ ओझे असते आणि समाजापुढे मांडल्यावरच त्याला सामर्थ्य येते, हे ब्लॅक एल्क यांनी स्वतःच निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आत्मिक उन्नतीसाठी शामनविधी शिकविणाऱ्या पुस्तकांना आमचा मुख्य आक्षेप येथूनच उपजतो. ती पुस्तके नऊ वर्षांच्या मुलाचे दर्शन घेतात आणि वस्तीचा घोडेनाच सोडून देतात. मग जे हाती राहते ते नेमके सोळाव्या वर्षीचे दुखणे होय.

आता नाइहार्ट यांच्याविषयी. ते कवी होते आणि त्यांचे इंग्रजी गंभीर व सुरेल आहे. परंतु पुस्तक वूंडेड नीपाशी थांबते. शेवटी एक भग्नहृदय म्हातारा आपले स्वप्न मेले असे म्हणताना दिसतो, आणि वाचकाचे डोळे पाणावतात. रेमंड डीमॅली यांनी 1984 साली ‘द सिक्स्थ ग्रँडफादर’ या ग्रंथात मूळ टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा हा गाजलेला शेवट टिपणांत नाही, तो कवीची स्वतःची रचना आहे, हे उघड झाले. ब्लॅक एल्क यांना जे म्हणायचे होते त्याचाच आशय आपण शब्दांत मांडला, अशी नाइहार्ट यांची भूमिका होती. ती आम्ही खोटी म्हणणार नाही. परंतु 1890 नंतरची चाळीस वर्षे गाळल्याखेरीज तो शेवट उभाच राहत नाही, हे समीक्षकाने सांगितलेच पाहिजे.

त्या चाळीस वर्षांत काय घडले? 6 डिसेंबर 1904 रोजी, संत निकोलसच्या सणाच्या दिवशी, ब्लॅक एल्क यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार घेतला आणि ते निकोलस ब्लॅक एल्क झाले. पुढे ते धर्मशिक्षक झाले. धर्मगुरू पोहोचू शकत नसत अशा वस्त्यांत ते प्रार्थना चालवीत, आजाऱ्यांना भेटत, मृतांना मूठमाती देत. फादर लाकोम्ब यांनी तयार केलेला दोन वाटांचा रंगीत चित्रपट पसरून ते तारणाचा इतिहास समजावून सांगत. चारशेहून अधिक माणसांना श्रद्धेकडे आणल्याचे श्रेय त्यांना दिले जाते. येशूसंघीय फादर मायकेल स्टेल्टेनकँप यांनी ब्लॅक एल्क यांच्या कन्येच्या आठवणींच्या आधारे 1993 साली लिहिलेल्या चरित्रात हा माणूस भेटतो. तो भग्नहृदय नाही. तो कामात आहे.

येथे आपल्या कॅथलिक वाचकांस समाधान वाटेल. परंतु ते फार वेळ टिकू नये. कन्येने सांगितलेली हकीकत अशी की, 1904 साली ब्लॅक एल्क एका आजारी मुलावर उपचार करीत असता फादर लिंडेबनर तंबूत आले; त्यांनी ढोल व खुळखुळा फेकून दिला आणि मानगूट धरून त्यांना बाहेर काढले. नंतर त्यांनीच ब्लॅक एल्क यांना मिशनमध्ये नेऊन शिकवण दिली. तत्पूर्वी 1883 साली अमेरिकन सरकारने सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरविले होते, आणि त्या बंदीला मिशनऱ्यांची साथ होती. 1934 साली ब्लॅक एल्क यांनी आपण श्रद्धावान कॅथलिक असल्याचे पत्र सही करून दिले. त्यामागे मिशनच्या धर्मगुरूंचा आग्रह होता असे काही अभ्यासक मानतात. आणि हेच ब्लॅक एल्क आयुष्याच्या अखेरीस, 1947-48 च्या हिवाळ्यात, जोसेफ ब्राऊन यांना लाकोटांचे सात विधी तपशीलवार सांगतात. 1953 साली निघालेले ‘द सेक्रेड पाइप’ ते हेच. त्याच्या प्रारंभी ख्रिस्ताचा उल्लेख आहे, आणि सातांच्या त्या आकड्यात अनेकांना सात संस्कारांचा पडसाद ऐकू येतो. कवीने धर्मशिक्षक वगळला, धर्मगुरूंनी ढोल वगळला. 1950 साली निवर्तलेल्या त्या वृद्धाने मात्र दोहोंपैकी काही वगळले नसावे असे आम्हांस वाटते.

फादर लिंडेबनर यांची ती हकीकत वाचून आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, नवदीक्षित असताना, आम्ही एका वारली पाड्यावर आजारी मुलाला पाहण्यास गेलो होतो. घरात भगत बसला होता आणि तांदळाचे दाणे मांडून पाहत होता. आम्ही त्याला कठोर शब्द बोलून बाहेर घालविले. मुलाला दवाखान्यात नेले, ते योग्यच केले. परंतु दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा तो म्हातारा अंगणात बसलेला होता. रात्रभर तो तेथेच होता. मुलाचा ताप उतरला का, एवढेच त्याने आम्हांस विचारले. ती गोष्ट आम्ही आजवर कोठे लिहिली नव्हती.

तिकडे अमेरिकेत या विधींचा बाजार झाला आहे. 1993 साली लाकोटा, डाकोटा व नाकोटा प्रतिनिधींनी आपल्या अध्यात्माचे शोषण करणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामाच काढला. 2009 च्या ऑक्टोबरात ॲरिझोनातील सेडोना येथे जवळजवळ दहा हजार डॉलर शुल्काच्या एका शिबिरात ‘इनिपी’च्या, म्हणजे वाफेच्या शुद्धिविधीच्या, नकलेत तीन माणसे मरण पावली. ज्या विधीत वडीलधारे प्रत्येकाचा श्वास ओळखतात, तो विधी अनोळखी गर्दीला विकल्यावर काय होते, याचे हे विदारक उदाहरण आहे.

ख्रिस्तसभेने 1965 सालच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात अन्य धर्मांतील सत्य व पवित्र अंशांचा आदर करण्यास शिकविले आहे. रॅपिड सिटी धर्मप्रांताने 2017 साली निकोलस ब्लॅक एल्क यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू केली, ती त्याच वाटेवरची घटना आहे. परंतु आदर म्हणजे उचलून आणणे नव्हे. पौलाने करिंथकरांस स्पष्ट बजावले आहे की, कृपादाने सर्वांच्या हितासाठी दिली जातात. डोंगरावर येशूचे रूपांतर पाहून पेत्राला तेथेच मंडप घालावेसे वाटले. पायथ्याशी मात्र एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत होता. शामनविधी असो वा आपला तपश्चर्येचा सप्ताह, दोहोंची परीक्षा तो पायथाच करील.

तो तरुण पुस्तके न्यायला आला तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, ‘पाप लागणार नाही. मात्र नाइहार्टबरोबर डीमॅली आणि स्टेल्टेनकँपही वाच.’ मिस्सेतील शांततेविषयी त्याची तक्रार आम्ही मान्य केली. परमप्रसादानंतरच्या मौनात आम्ही सूचना वाचतो, ही आमची चूक. ती आता सुधारली आहे. मग त्याला म्हणालो, ‘पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी वृद्धांना परमप्रसाद द्यायला जातो. सोबत ये.’

तो आला. सात घरे झाली. शेवटच्या घरातील आजीने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही, आणि तोही उठण्याची घाई न करता बसून राहिला.