दोन सेकंदांत भरणारा पडदा

नव्वदच्या दशकात नाशिकरोडच्या आरक्षण खिडकीपुढे रांगेत उभं राहिलं, की काचेपलीकडे हिरवी अक्षरं दिसायची. गाडीचा नंबर टाकला की ओळी वरून खाली उतरत यायच्या. जागांचा हिशेब ठेवणारा संगणक मात्र तिथे नव्हता. तो कसारा घाटाखाली, मुंबईत. रेल्वेची आरक्षण प्रणाली डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर वाढली. पुढे व्हॅक्सच्या जागी अल्फा आली, अल्फाच्या जागी इटेनियम. पलीकडचं यंत्र बदलत गेलं, अलीकडची ऐंशी रकान्यांची मांडणी टिकून राहिली. जुना पडदा नव्या यंत्राला जोडायची माझी ओढ त्या रांगेतली आहे.

आज माझ्या टेबलावर डिजिटलचंच व्हीटी२२० टर्मिनल, म्हणजे तसाच एक पडदा, आहे. हे १९८३ सालचं मॉडेल. त्याच्या पाठीवर पंचवीस पिनांचा सीरियल पोर्ट, त्याला उलट्या जोडणीची केबल (एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेला), पुढे यूएसबी अडॅप्टर आणि शेवटी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा लिनक्स संगणक. लिनक्सला एवढंच सांगायचं, की समोर व्हीटी२२० आहे आणि वेग सेकंदाला ९६०० बिट आहे. लगेच लॉगिनची ओळ उमटते. पडदा पुसायला, कर्सर हलवायला १९७८च्या व्हीटी१००ने ज्या एस्केप खुणा वापरल्या, त्या आजही लिनक्सच्या टर्मिनल-खिडकीत चालतात, म्हणून हे जमतं. सिमएच हा एम्युलेटर चालवला, तर त्याच पायच्या पोटात अख्खा व्हॅक्स उभा राहतो. आयबीएमच्या ३२७० टर्मिनल-घराण्याला मात्र कोअॅक्सियल केबल आणि मध्ये कंट्रोलर लागतो. तो वेगळा संसार आहे.

आता पडद्याजवळ जाऊन बघा. ९६०० वेगाने सेकंदाला ९६० अक्षरं येतात. २४ ओळी गुणिले ८० रकाने म्हणजे १९२० अक्षरं. पूर्ण पान भरायला बरोबर दोन सेकंद लागतात, आणि डोळा त्या लयीत वाचत खाली येतो. आजच्या स्क्रीनवर पान एकदम आदळतं. इथे ते लिहिलं जाताना दिसतं. प्रत्येक ठिपकाही आडवा थोडा ताणलेला असतो, कारण एकटा ठिपका उजळेपर्यंत इलेक्ट्रॉनांचा झोत पुढे निघून जातो आणि ठिपका फिका पडतो. त्या ताणण्यामुळेच उभ्या रेघांना टाकाने काढल्यासारखी जाडी येते. संगणकावर याच अक्षरांच्या नकला करणाऱ्यांनी हे ताणणं सोडलं, की अक्षरं काड्यांसारखी हडकुळी दिसतात.

सगळ्यात मोहक वाटतो तो 'थांब'. ओळी संथ सरकवायच्या मोडमध्ये टर्मिनल मागे पडू लागलं, की ते एका अक्षराची खूण पाठवतं. पलीकडचं हजारो पटींनी वेगवान यंत्र तिथल्या तिथे गप्प बसतं आणि दुसरी खूण येईपर्यंत वाट पाहतं. जोडणीचा खरा गुण मी यात मोजतो. काहीजण अशा टर्मिनलची काचनळी काढून आत सपाट स्क्रीन बसवतात. ते मला पटत नाही. नमतं नव्याने घ्यावं, त्याच्यात ती ताकद आहे.

मराठीशी मात्र गाठ अवघड पडते. आठ बिटांच्या मोडमध्ये युनिकोडचं यूटीएफ-८ तसंच सोडलं, की 'नाशिक'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पाच वेळा येतो आणि मध्येमध्ये परकी चिन्हं. 'ऐवज' लिहिलं तर आणखी नवल. 'ऐ'चा शेवटचा बाइट टर्मिनलला 'आता गुप्त मजकूर सुरू' अशी आज्ञा वाटतो आणि 'ज'चा शेवटचा बाइट 'संपला' अशी. मधला 'व' दिसतच नाही.

यावरचं उत्तर पुण्यात होतं. तिथल्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्राची टर्मिनलं इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतावर चालत. १९९१च्या मानकात इस्कीची भारतीय अक्षरं आज्ञांचा सगळा पट्टा सोडून वरच्या जागांत बसवली आहेत. 'श'नंतर टाइप केलेली ऱ्हस्व वेलांटी त्या टर्मिनलांच्या पडद्यावर आपोआप 'श'च्या आधी जायची, जोडाक्षरं जुळायची. युनिकोडची देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली आहे.

माझा व्हीटी२२० इतकं करू शकत नाही. पण त्यात बाहेरून आणलेली ९४ अक्षरं भरता येतात, आणि इस्कीचा पट्टा त्या ९४ घरांत मावतो. वेलांटी जागा सोडणार नाही, जोडाक्षरं जुळणार नाहीत, हे धरून मी वेलांटी नसलेला, जोडाक्षर नसलेला शब्द निवडला. ऐ, व आणि ज दहा ओळींच्या चौकटीत ठिपक्या-ठिपक्याने काढले आणि टर्मिनलमध्ये भरले. पायवर यूटीएफ-८चं इस्की करणारी चार ओळींची सोय लिहिली. नऊ बाइटांचे तीन झाले, तारेतून गेले, आणि हिरव्या काचेवर 'ऐवज' उमटला. शिरोरेषा मध्ये किंचित तुटलेली होती.