'लपाछपी' आणि प्रेक्षकांचे दोन तट : एका घरात कोंडलेल्या भयाचा विचार

प्रस्तावना

मराठी कथासाहित्यात भयाला स्वतंत्र स्थान आहे. नारायण धारप यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा यांनी वाचकांच्या किमान दोन पिढ्या घडविल्या. मराठी चित्रपटात मात्र हा प्रकार फारसा रुजला नाही. भुताचा उपयोग विनोदासाठी करण्याकडेच आपल्या चित्रपटाचा कल अधिक राहिला. या पार्श्वभूमीवर विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' (१४ जुलै २०१७) हा चित्रपट लक्षणीय ठरतो. पुढे याच दिग्दर्शकाने त्याचे 'छोरी' (२०२१) हे हिंदी रूपांतर केले व २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. तथापि मूळ मराठी चित्रपटाविषयी प्रेक्षकांत आजही एकमत नाही. काहींना तो मराठीतील पहिला खरा भयपट वाटतो, तर काहींना भयपटाच्या वेषातील प्रचारपट. प्रस्तुत लेखात या मतभेदाचे स्वरूप तपासण्याचा आणि त्यातून चित्रपटाच्या सामर्थ्याचा व मर्यादेचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एक घर, मोजकी पात्रे

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : नेहा (पूजा सावंत) ही आठ महिन्यांची गरोदर स्त्री. कर्जाच्या तगाद्यामुळे पतीसह तिला शहर सोडावे लागते आणि उसाच्या शेतात एकाकी असलेल्या एका घरात ती आश्रय घेते. त्या घरातील वडीलधारी स्त्री (उषा नाईक) तिची काळजीही घेते आणि तिच्याभोवती बंधनेही घालते. पुढे लहान मुलांचे भास होऊ लागतात व लपाछपीचा खेळ सुरू होतो. उत्तरार्धात जे रहस्य उलगडते त्याचे मूळ स्त्रीभ्रूणहत्येत आहे. रहस्याचा तपशील येथे मुद्दाम देत नाही. ते मूळ भुतांत नसून माणसांत आहे, एवढे नोंदविणे पुरेसे होय.

एकाच स्थळी घडणारा भयपट ही नवी गोष्ट नव्हे. रामसे बंधूंच्या 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून कमी खर्चातील हिंदी भयपटाची एक वाट तयार झाली. राम गोपाल वर्मा यांच्या 'कौन?' (१९९९) मध्ये एक घर आणि तीन पात्रे एवढ्यावरच संपूर्ण चित्रपट उभा राहिला. अमेरिकेत ओरेन पेली यांनी 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' (२००७) स्वतःच्या राहत्या घरातच चित्रित केला. अशा चित्रपटांत स्थळाची मर्यादा आधी खर्चामुळे येते, परंतु चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती तीच आशयाची अट बनते. पात्राला बाहेर जाता येत नाही, म्हणून प्रेक्षकालाही जाता येत नाही. 'लपाछपी'त घराभोवतीचा ऊस हीच भिंत आहे. माणसापेक्षा उंच वाढलेल्या पिकात दिशा कळत नाही, भर उन्हातही दोन हातांपलीकडचे दिसत नाही. भयासाठी अंधारच हवा, हा संकेत त्यामुळे येथे मोडतो.

मतभेदाचे स्वरूप

आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांसमवेत हा चित्रपट पाहिल्यानंतर झालेल्या चर्चेत वर्गाचे सरळ दोन तट पडले. हे काही सर्वेक्षण नव्हे. परंतु तेथे मांडल्या गेलेल्या भूमिका या चित्रपटाविषयी इतरत्र ऐकू येणाऱ्या मतांशी जुळणाऱ्या आहेत, म्हणून त्यांचा परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

पहिला आक्षेप भयाविषयीचा आहे. पूर्वार्ध संथ आहे, तेच घर आणि तेच शेत पुनःपुन्हा दिसते, आणि शेवटी सारे समजावून सांगितल्यामुळे भीतीच ओसरते, असे एका गटाचे म्हणणे. दुसऱ्या गटाला हाच संथपणा परिणामकारक वाटला. येथे लक्षात येते ते असे की, दोन्ही गट 'भय' हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरत होते. पहिल्यासाठी भय म्हणजे दचकणे. ते क्षणाचे असते व अज्ञातावर पोसले जाते, म्हणून स्पष्टीकरण हा त्याचा शत्रू होय. दुसऱ्यासाठी भय म्हणजे ओळखीच्या गोष्टीचा अनोळखी चेहरा दिसणे. गरोदर सुनेला प्रेमाने भरविणारा हात कोणत्या हेतूने भरवितो, हा प्रश्न पडला की दचकण्याची गरज उरत नाही. वर्गातील विवाहित विद्यार्थिनी प्रामुख्याने दुसऱ्या गटात होत्या, ही गोष्ट सूचक आहे.

दुसरा आक्षेप प्रचारकीपणाचा. तो अंशतः मान्य करावा लागतो. उत्तरार्धात चित्रपट आपल्या प्रतिमांवर पुरेसा विश्वास ठेवत नाही. जे लपलेल्या मुलांनी आधीच सांगितले आहे ते संवादांतून पुन्हा सांगितले जाते. मात्र 'संदेश आहे म्हणून कला नाही' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. लपाछपी या खेळात लपलेल्याला शोधणे अपेक्षित असते. ज्या मुलींना जन्मच नाकारला गेला त्यांना कोणी शोधतच नाही, हा अर्थ शीर्षकातच सामावलेला आहे. चित्रपटाचा संदेश त्याच्या रूपबंधातून आलेला आहे, बाहेरून चिकटविलेला नाही. दोष आहे तो पुनरुक्तीचा.

दोषी कोण?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो एका विद्यार्थिनीने मांडला. चित्रपट संपल्यावर लक्षात राहते ती घरातील वृद्ध स्त्री. मग स्त्रीच स्त्रीची शत्रू, हेच आपण पुन्हा सांगितले नाही काय? पुरुषांचा वाटा चित्रपटात नाही असे नव्हे, परंतु भयाचा चेहरा मात्र स्त्रीचा आहे. उषा नाईक यांचा अभिनय जितका प्रभावी, तितका हा प्रश्न तीव्र होतो.

हा प्रश्न बुलढाण्यात विचारला जावा याला ऐतिहासिक औचित्य आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला १८८१ मध्ये अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली गेली व ती पुढे सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) हा ग्रंथ लिहिला. अपराध स्त्रीच्या हातून घडला तरी तो घडविणाऱ्या व्यवस्थेचे कर्ते कोण, हा ताराबाईंच्या युक्तिवादाचा गाभा होय. सुमारे एकशे चाळीस वर्षांनंतर त्यांच्याच गावाच्या जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी एका भयपटाला तोच प्रश्न विचारते, यातच या चित्रपटाच्या समीक्षेची दिशा आहे.

चित्रपटाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, ती वृद्ध स्त्री मुळात दुष्ट म्हणून रंगविलेली नाही. रूढीची ती राखणदार आहे, आणि राखणदाराला मालक असतोच. परंतु मालकाकडे कॅमेरा पुरेसा वेळ वळत नाही, ही त्रुटी राहतेच.

एकाच स्थळाची मर्यादा

येथेच एका स्थळाच्या योजनेची दुसरी बाजू पुढे येते. घर आणि ऊस यांत कथा कोंडल्यामुळे भय गडद झाले. पण त्याच कोंडण्यामुळे गुन्ह्याचे एक महत्त्वाचे स्थळ चौकटीबाहेर राहिले. आपल्या काळातील लिंगनिवड ही मुख्यतः आडरानातील घरात झाली नाही. ती तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, स्वच्छ खोलीत, यंत्राच्या पडद्यावर झाली. महाराष्ट्राने यासंबंधी १९८८ मध्येच कायदा केला, देशपातळीवर तो १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. तरीही बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९०८ होती, ती २०११ मध्ये ८५५ झाली. याच जनगणनेत राज्याचे प्रमाण ८९४ होते, आणि बीड जिल्हा ८०७ वर सर्वांत खाली होता. ज्या जिल्ह्यात सिंदखेड राजा येथे जिजाऊंचा जन्म झाला आणि जेथे दरवर्षी १२ जानेवारीला त्यांच्या जन्मोत्सवासाठी लाखोंचा समुदाय लोटतो, त्या जिल्ह्याचे हे आकडे आहेत. दहा वर्षांत त्रेपन्नांची घट कोणत्याही भुताने केलेली नाही.

शहरी प्रेक्षक हा चित्रपट पाहून 'खेड्यांत अजून असे चालते' म्हणत सुटकेचा निःश्वास टाकू शकतो. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांनीही आपली सुटका करून घेतली, ती निराळ्या प्रकारे : आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन, हा उसाचा मुलूख दुसरा. अंतर निर्माण करण्याची ही सोय चित्रपटाने नकळत उपलब्ध करून दिली आहे. त्यामुळे ज्यांना भीती वाटली नाही त्यांच्यापैकी काहींना ती कलात्मक कारणाने वाटली नाही, की आपण त्या घरात राहत नाही या समाधानामुळे, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

निष्कर्ष

'लपाछपी'विषयीचे मतभेद केवळ अभिरुचीचे नाहीत. भयपटाकडून काय मागावे, संदेशाला कलेत किती जागा द्यावी आणि अपराधाची जबाबदारी कोणावर टाकावी, या तीन प्रश्नांची ती भिन्न उत्तरे आहेत. पहिल्या प्रश्नात चित्रपट सरस ठरतो. दुसऱ्यात तो अर्धाच यशस्वी होतो. तिसऱ्यात तो प्रेक्षकाला वाटेतच सोडून देतो. कमी साधनांत मराठी भयपटाला गंभीर विषय पेलता येतो, हे त्याने सिद्ध केले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. वर्गात हा चित्रपट अवश्य दाखवावा असे वाटते. मात्र दाखविल्यावर दिवे लागताच 'भीती वाटली का?' एवढेच विचारून थांबू नये. ते घर आपल्यापासून किती अंतरावर आहे, हेही विचारावे. त्या दिवशी तो प्रश्न ऐकून वर्ग बराच वेळ शांत होता. कोणाचेही मत बदलले नाही. पण दोन्ही तट एकाच प्रश्नापाशी येऊन थांबले होते.