‘पाण्याखालचा चंद्र’ आणि आर्यमदिरामंडळ

जॉर्ज ऑर्वेल म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला दोनच पुस्तके आठवतात, ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘१९८४’. एम.ए.ला असताना आम्हीही तेवढ्यावरच भागवले. पण या माणसाने वर्तमानपत्रांतून जे किरकोळ लेखन केले, त्यात त्याचा खरा स्वभाव अधिक मोकळेपणाने दिसतो असे मला पुढे वाटू लागले. ‘द मून अंडर वॉटर’ हा असाच एक छोटा निबंध. ९ फेब्रुवारी १९४६ च्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या लंडनच्या सायंदैनिकात तो आला. महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते, शिधापत्रिका चालूच होत्या, आणि हा गृहस्थ आपल्या आवडत्या पबचे वर्णन करीत होता.

वर्णन कसे, तर जमाखर्चाच्या वहीसारखे. इमारत व्हिक्टोरियाकालीन, थंडीत शेकोटी पेटलेली. रेडिओ नाही, पियानो नाही, त्यामुळे बोलता येते. वाढणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात. तिथे तंबाखू मिळते, ॲस्पिरिन मिळते, पोस्टाची तिकिटे मिळतात, टेलिफोन करू देतात. रात्रीचे जेवण मिळत नाही. पण फराळाच्या फळीवर सॉसेजचे सँडविच, शिंपले, चीज, लोणची आणि शहाजिरे घातलेली मोठी बिस्किटे असतात. वरच्या मजल्यावर मात्र आठवड्यातले सहा दिवस दुपारचे भरपेट जेवण: भाजलेल्या मांसाचा काप, दोन भाज्या आणि जॅमची उकडलेली गुंडाळी, सारे तीनेक शिलिंगांत. मागच्या बाजूला चिनाराच्या जातीची झाडे असलेली बाग, बागेत मुलांसाठी झोपाळे आणि घसरगुंडी. एवढे सगळे मन लावून सांगून झाल्यावर ऑर्वेल सांगतो की असा पब लंडनात नाहीच. दहांपैकी आठ गुण असलेला एक त्याला ठाऊक आहे, इतकेच. वाचक फसतो, पण रागावत नाही. नसलेल्या गोष्टीचा इतका तपशील देणे ही तक्रार करण्याची फार सभ्य रीत आहे.

हा निबंध मराठीत आणावा असे मनात आले आणि पहिल्याच शब्दापाशी लेखणी अडली. ‘पब’ला मराठीत काय म्हणायचे? ‘गुत्ता’ म्हटले की ओल्या फरशीचा वास येतो. ‘मद्यालय’ म्हटले की संस्कृत नाटकाचा पडदा वर जातो. ‘परमिट रूम’ हा शब्द तर कायद्याच्या पोटातून आलेला. ‘खानावळ’ त्यातल्या त्यात जवळची, पण तिथे जेवून हात धुऊन उठायचे असते, रेंगाळायचे नसते. मूळ इंग्रजी शब्द ‘पब्लिक हाउस’ म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर. त्यातले ‘घर’ आपल्या एकाही शब्दात उतरत नाही. शेवटी मी ‘पब’ तसाच ठेवला. पण आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर त्या शब्दाने पुण्या-बंगळूरचे अंधारे, कर्कश नाचघर उभे राहते, तेव्हा तोही उपाय अर्धाच.

माझ्या मते निबंधाचा गाभा त्या बागेत आहे. इंग्लंडमध्ये १९०८ च्या बालकविषयक कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना मद्याच्या बारमध्ये येण्यास मनाई झाली. हेतू चांगला होता. पण ऑर्वेलचे म्हणणे असे की मूल बाहेर राहिले की आई बाहेर राहते, आणि आई बाहेर राहिली की जे कुटुंबाने जमण्याचे ठिकाण व्हायचे ते नुसते ढोसण्याचे ठिकाण होते. बाग असली की बाप एकटा जात नाही, सगळे घर जाते. बाबागाड्या फाटकापाशी उभ्या राहतात. दारूचे समर्थन करणारे लेखन जगात पुष्कळ आहे आणि बहुतेक कंटाळवाणे आहे. ऑर्वेल दारूविषयी फारसे बोलतच नाही. कोण कोणाशेजारी बसते, पुढ्यात ताट आहे की नाही, आणि पोर कुठे आहे, एवढेच तो पाहतो.

इंग्रजी वाङ्मयात या घराची परंपरा जुनी आहे. चॉसरचे यात्रेकरू साउथवर्कच्या ‘टॅबर्ड’ सराईत जमतात. गोष्टींची पैज लावतो तो सराईचा मालक, आणि बक्षीस काय, तर परतल्यावर इतरांच्या खर्चाने जेवण! शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात झोपलेल्या फॉल्स्टाफच्या खिशात खानावळीचे बिल सापडते. त्यात कोंबडा आहे, दोन गॅलन सॅक नावाची दारू आहे, आणि पाव आहे अर्ध्या पेनीचा. राजपुत्र त्या प्रमाणावर थक्क होतो. हा प्रवेश वर्गात शिकवताना मुले खो खो हसतात. मी हसत नाही. कारण पुढे येईल.

जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’मध्ये (१८६१) ‘रेनबो’ नावाची सराई आहे. गावकरी गाईवरून वाद घालतात, भुतांवरून भांडतात, मालक दोन्ही बाजू खऱ्या ठरवून समेट करतो. तेवढ्यात चोरी झालेला सायलस आत येतो, आणि पंधरा वर्षे गावात राहून परका राहिलेला हा विणकर त्या शेकोटीपाशी पहिल्यांदा कोणाचा तरी शेजारी होतो. पण ‘रेनबो’त बाई नाही, मूल नाही. त्या दृष्टीने ऑर्वेलची घसरगुंडी एलियटबाईंच्या पुढची पायरी आहे.

आता आपल्याकडे वळू. माझ्या वाचनात मराठीत पिण्याचे भरदार सार्वजनिक ठिकाण एकच, ‘एकच प्याला’तले आर्यमदिरामंडळ. हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. तळीरामाचे मंडळ म्हणजे त्या काळच्या सभा-संमेलनांची फर्मास नक्कल. तिथे शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीला बसतात, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. जे त्या काळच्या कोणत्याही पंगतीत घडले नसते ते गडकऱ्यांनी गुत्त्यात घडवले, आणि त्यावर आपल्याला हसवले. पण त्या मंडळात नसते काय? बाई नसते, मूल नसते, आणि लक्षात राहावे असे ताट नसते. सिंधू घरी दळण दळते, गीता नवऱ्याच्या शिव्या खाते. प्याला एका जगात आणि पाळणा दुसऱ्या जगात. सुधाकर पहिल्या जगातून दुसऱ्यात येतो तो थेट मुलाचा प्राण घ्यायला.

गडकऱ्यांना याबद्दल दोष देणाऱ्यांतला मी नाही. इंग्लंडमधली बिअर घरगुती गाळपातून वाढत सराईत आली; आपल्याकडचा गुत्ता १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली, सरकारी महसुलासाठी, मक्त्याने वाढला. मक्तेदाराला माणूस बसवून जेवू घालण्यात रस कशाला असेल? जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले, १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दुकानांवर पहारे बसले. गडकरी या वातावरणातले. पुढे १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते, आणि घाट उतरला की पोर्तुगीजांचा गोवा! एका बाजूला पिणे गुन्हा, दुसऱ्या बाजूला तावेर्न गल्लीच्या कोपऱ्यावर. आमच्या सीमाभागातल्या माणसाला दारू म्हणजे लपवून आणायची वस्तू, हे बाळकडू असे मिळाले.

तरीही टीकाकार म्हणून एक आक्षेप नोंदवतो. ‘एकच’ या शब्दावर नाटक उभे आहे: पहिला प्याला घेतला की शेवटचा ठरलेलाच. नाट्य म्हणून हे जबरदस्त आहे. पण त्याच नाटकातला भगीरथ पितो आणि सुटतो. रामलाल त्याला कामाला लावतो. म्हणजे गडकऱ्यांच्याच पात्राने गडकऱ्यांचे सूत्र मोडले आहे. आणि तोच रामलाल सुधाकराला मात्र उपदेशापलीकडे काय देतो? त्याच्याजवळ बसायला रामलालपाशी जागा नाही. जागा आहे ती तळीरामापाशी.

नाही म्हणायला फडके, खांडेकर, काणेकर यांनी इंग्रजी निबंधाचे वळण मराठीत आणले. त्यांनी त्यातल्या गप्पा घेतल्या. ज्या टेबलाभोवती त्या गप्पा जन्मल्या ते टेबल मात्र तिकडेच ठेवले. त्याच्या जागी चहाची कपबशी आली. चहाने मराठी लघुनिबंध शालीन केला हे खरे. थोडा फिकाही केला.

२०२३ च्या उन्हाळ्यात मुलीकडे रेडिंगला गेलो असताना एका रविवारी थेम्सकाठच्या पबमध्ये दुपारी जेवलो. आपणच काउंटरवर जाऊन टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे आधी द्यायचे. जावयांनी ‘बाबा, चालेल ना?’ असे विचारून एक पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, बिअर घेतली आणि ती जेवण संपेपर्यंत पुरवली. मुलीने सायडर घेतले, मी जिंजर बिअर, जिच्यात नावापुरतीच बिअर. भाजलेली कोंबडी, बटाटे, गाजरे, वर दाट रस्सा, आणि यॉर्कशायर पुडिंग, जे गोड नसून आपल्या पुरीसारखे टम्म फुगलेले असते. नातू कागदावर रंगीत खडूंनी मगर रंगवीत होता. शेजारी एक म्हातारे जोडपे, त्यांच्या कुत्र्यासाठी पाण्याचा वाडगा. आवाज कोणाचा चढला नाही. चढायला जागाच नव्हती, पोरे होती ना मध्ये.

आमच्याकडे पाटी असते: ‘फॅमिली रूम वर आहे.’ जिना वेगळा, पडदा वेगळा. खाली बाप, वर आई आणि मुले. ऑर्वेलने ज्या कायद्याला नावे ठेवली तो आपण कायदा नसतानाही पाळतो.

माझ्या एका सहकाऱ्याची गोष्ट इथे सांगणे भाग आहे. उत्तम शिक्षक, व्याकरणावर पकड अशी की निरीक्षक दचकावेत. सोवळे घर, त्यामुळे घरी नाही, ओळखीच्यांत नाही, गावाबाहेर रस्त्याकडेच्या दुकानाच्या मागे उभ्याने पिणे. पंचेचाळिशीत गेले. दिवसकार्य झाल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी वहिनी कचेरीत आल्या, तेव्हा म्हणाल्या, “सर, घरात बसून प्यायले असते तर निदान दोन घास जेवले तरी असते.” अर्ध्या पेनीचा पाव मला त्या दिवसापासून विनोदी वाटत नाही.

याचा अर्थ ऑर्वेलचे सारे मान्य असा नव्हे. त्याच्या पबात कोणी कर्जबाजारी नाही, कोणी बायकोला मारत नाही. आठवड्याच्या पगारातले किती त्या काउंटरवर राहते हे तो सांगत नाही. जिनने लंडनचे काय केले ते होगार्थने १७५१ मध्येच ‘जिन लेन’ या चित्रात दाखवले होते. त्याच्या जोडचित्रात, ‘बिअर स्ट्रीट’मध्ये, बिअर पिणारे गुटगुटीत दाखवले आहेत ही मात्र चित्रकाराची सोय. माझ्या शाळेत फी भरायला आणि दाखल्यावर सही करायला वर्षानुवर्षे आईच येते अशी कितीतरी मुले आहेत. त्यांच्या घरी जाऊन मी झोपाळ्याची महती सांगणार नाही. तिथे गडकरीच खरे. आणि इंग्लंडातही ते घर आता विटते आहे. २००० च्या सुमारास साठ हजारांच्या घरात असलेले पब पंचेचाळीस हजारांच्या आसपास आले आहेत. मुलांना आत घेण्याची मोकळीक कायद्याने १९९५ पासून वाढवली, तेव्हा अनेक घरांतला पाइंट सुपरमार्केटच्या डब्यातून दिवाणखान्यात पोचलाही होता. ‘मून अंडर वॉटर’ हे नाव पुढे एका मोठ्या पब-साखळीने आपल्या अनेक शाखांना दिले. ऑर्वेल हसला असता की वैतागला असता, कोण जाणे.

माझे भाषांतर गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचकमंडळात वाचले. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘हे कुठे छापू नका, हेडमास्तर आहात’ असा प्रेमाचा सल्ला दिला. दोघा तरुणांनी बिअरचे भाव विचारले. मागच्या रांगेतल्या एक बाई निबंध संपेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या बायकांना त्या दुपारी घरी स्वयंपाक नव्हता तर?”

नव्हता. आठवड्यातले सहा दिवस. सातव्या दिवसाबद्दल ऑर्वेलने काही लिहिलेले नाही.